मी रोज बघते

२४ एप्रिल, बुधवार

आज किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. मोठ्या फाटकाची, स्वयंपाकघराची, कोठीची आणि प्रार्थनाघराची. या घरात पहारेकरी नाहीत आणि बंदुकाही नाहीत. शिक्षा भोगणाऱ्या आम्हीच आणि कुलपं लावणाऱ्याही आम्हीच. गावाला हे अजून पचलेलं नाही. पाववाला कित्येक वर्षं फाटकाशी येतो आहे, पण आमच्यातल्या एकीच्या हातात किल्ली दिसली की टोपली अजूनही हात लांब करूनच देतो.

सच्चेपणाच्या परिषदेची, म्हणजे आम्ही बायकांनीच निवडलेल्या मंडळाची, मी आता अध्यक्ष झाले. क्लेओनिसेला वाटत होतं की तिचीच वर्णी लागणार. "बघू किती दिवस," एवढंच म्हणून ती कांदे चिरायला गेली. दोना ओतिलिया आमच्या संचालिका. त्या गावातून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्या म्हणाल्या, "व्हाल्देरेझ, तू काटेकोर आहेस म्हणून बायकांनी तुला निवडलंय. आवडतेस म्हणून नव्हे, हे ध्यानात ठेव." मला त्यात वाईट काही वाटलं नाही.

ही वही संध्याकाळच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी दिली. दुसऱ्यांना अक्षरं शिकवतेस तर स्वतःही चार ओळी लिहीत जा, म्हणाल्या. लिहीन. जे घडलं तेवढंच लिहीन.

२९ एप्रिल, सोमवार

जुरेमाची शिकवणी नीट चालली आहे. आता जोडाक्षरं लावते. ती कॉफीच्या मळ्यात वाढली, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं म्हणून आत आली. दोन मुलं सासूकडे आहेत. सासू मुलांना पाठवत नाही, त्यामुळे जुरेमाला भेटायला आजवर कोणी आलेलं नाही. आली तेव्हा ती "फावडं लागलं" असं सांगायची, जणू ते आपणहून उडून गेलं होतं. इथला पहिला धडा हाच की वाक्य 'मी'पासून सुरू करायचं. परिषदेच्या वर्तुळात उभं राहून म्हणायचं, "मी केलं. दुसऱ्या कोणी नाही, मी केलं." जुरेमाला ते म्हणायला कित्येक महिने लागले. म्हणाली त्या दिवशी सगळ्या रडल्या होत्या. मी रडले नाही, पण समाधान वाटलं.

तिला तिचं आवडतं स्तोत्र वाचायचं आहे. ते तिला तोंडपाठ आहे. "पाठ आहे तर वाचायचं कशाला?" मी विचारलं. "पाठ आहे ते पास्टरांच्या तोंडचं, बाई. मला कागदातलं हवंय." ती मला बाई म्हणते. वयाने माझ्याहून मोठीच असेल.

१ मे, बुधवार

मातृदिन पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी. प्रार्थनाघरात आमची काळी माऊली आहे, देवमातेची मातीची मूर्ती, निळ्या मखमली झग्यातली, मुकुटवाली, वीतभर उंचीची. दरवर्षी या दिवसांत बायका तिच्या झग्याला रंगीत फिती बांधतात. एका फितीला एक मागणं. आज तिच्याभोवती एवढ्या फिती लोंबत होत्या की माऊली दिसेना.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. एक पिवळी फीत बांधली, सगळ्या बांधत होत्या म्हणून. तायनाराचा निरोप आला आहे की मातृदिनाला येईन. माझी मुलगी मला अटक झाल्यापासून एकदाही आलेली नाही. माझ्या बहिणीकडे राहते, सलूनमध्ये केस कापते. निरोप बहिणीनेच धाडला. म्हणजे अजून नक्की नाही.

जुरेमाने फीत बांधली नाही. ती पास्टरांच्या पंथातली, मूर्ती मानत नाही. जपाच्या वेळी मागच्या बाकावर बसते, विणत राहते आणि गाणं आलं की सगळ्यांत मोठ्याने गाते. क्लेओनिसे म्हणाली, "माऊलीकडे पाठ आणि माऊलीच्या घरचा भात, छान आहे." जुरेमाने टाका मोजला आणि म्हणाली, "भात मीच शिजवलाय गं."

२ मे, गुरुवार

माऊली फुटली.

क्रमाने लिहिते. जेवणाआधीचा जप झाला. सगळ्या बाहेर पडल्या आणि मी कुलूप लावलं. प्रार्थनाघरात मेणबत्त्या आणि काड्यापेट्या असतात म्हणून ते मधल्या वेळात बंद ठेवायचं असा नियम आहे. मग जेवण. आज मासे तळले होते, वास फाटकाबाहेर गेला असेल. फारोफाच्या वाटचे काटे मात्र बशीत तसेच राहिले. फारोफा म्हणजे आमची मांजरी. तुपात परतलेल्या कसाव्याच्या पिठाच्या रंगाची आहे म्हणून ते नाव. तिला मासे नकोसे झाले म्हणजे जगबुडी आली, असं कोणीतरी म्हणालं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मीच कुलूप काढलं. दारातच फारोफा पायात आली, पडता पडता वाचले. आत गेलो तर माऊली जमिनीवर. धड एकीकडे, मुंडकं बाकाखाली, फिती चारी दिशांना. बायकांनी आरडाओरडा केला. दोन-तीन जणी गुडघ्यांवर बसल्या.

दोना ओतिलियांनी मुंडकं उचलून रुमालाने पुसलं. "घाबरू नका गं," त्या म्हणाल्या, "मूळ माऊली कोळ्यांच्या जाळ्यात नदीतून वर आली तेव्हाही धड आधी सापडलं होतं आणि मुंडकं नंतर. तिला सवय आहे."

३ मे, शुक्रवार

परिषदेचं वर्तुळ बसलं. आमचा नियम सोपा आहे. चुकीला पिवळी टिकली, लपवण्याला लाल. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकीच्या नावापुढे टिकल्या लागतात आणि लाल टिकली लागली की कागद थेट न्यायाधीशांकडे जातो. तिथून बहुतेक वेळा मोठ्या तुरुंगात परत. आम्ही सगळ्या तिथूनच आलो आहोत. लाल कपडे, पाळीपाळीने झोपणं आणि नावाऐवजी नंबर.

कोणीच उभं राहिलं नाही. मी प्रत्येकीला नावानिशी विचारलं. शेवटी क्लेओनिसे म्हणाली, "किल्ली तर तुझ्याकडेच होती. लावताना आत बघितलंस का, कोणी राहिलंय का ते?"

"मी रोज बघते," मी म्हणाले.

मी रोज बघतेच. काल माशांचा करपल्यासारखा वास येत होता आणि स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, त्यामुळे पाय जरा उचलले होते, एवढंच. तिच्या विचारण्यात खोच होती. अध्यक्षपद हुकल्याची जळजळ, दुसरं काय. आत कोणी राहिली असती तर जेवणाच्या मेजावर एक कमी भरली असती. मी मोजते. सगळ्या होत्या. म्हणजे जिने केलं तिने जपाच्या गर्दीतच धक्का दिला आणि मूर्ती नंतर कलंडली. असा माझा निष्कर्ष.

मुदतीची सूचना मीच मांडली. पुढच्या शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत जिने केलं तिने उभं राहायचं. तोवर सांगितलं तर पिवळी टिकली, विषय संपला. नंतर कळलं तर लाल. आणि कोणीच बोललं नाही तर मातृदिनाच्या भेटी सगळ्यांच्या बंद. हात वर झाले. हळूहळू झाले, पण झाले.

५ मे, रविवार

घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. कालच्या खोल्यांच्या तपासणीत क्लेओनिसेच्या खोलीला मातीचं डुक्कर मिळालं. महिन्यातली सगळ्यांत गबाळी खोली ठरली की हे डुक्कर तिथल्या खिडकीत महिनाभर बसतं. एरवी यावर हसू फुटतं. आज क्लेओनिसेने डुक्कर घेतलं आणि म्हणाली, "याला तरी विचारा, यानेच पाडली असेल." आमच्या खोलीत डुक्कर आजवर आलेलं नाही.

बायका जुरेमाकडे बघतात. मूर्ती न मानणाऱ्यांत ती एकटीच धीट, बाकीच्या दोघी-तिघी तिच्या आडोशाने राहतात. मी कोणावर संशय घेतलेला नाही. अध्यक्षाने घेऊ नये.

९ मे, गुरुवार

शिकवणीत जुरेमाचं लक्ष नव्हतं. स्वतःचं नाव मात्र आता एका दमात लिहिते, जुरेमा कुस्तोदिया. मधेच म्हणाली, "बाई, कोणीच केलं नसेल तर?"

"असं नसतं. घरात एखादी वस्तू पडली म्हणजे ती कोणीतरी पाडलेली असते."

"आमच्या मळ्यात वाऱ्याने झाडं पडायची."

"प्रार्थनाघरात वारा नाही. खिडकी बंद असते."

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. "तुमची मुलगी येणार ना रविवारी?"

"भेटी झाल्या तर."

"किती वर्षांनी?"

मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढची ओळ गिरवली. अक्षर चांगलं वळलं होतं.

१० मे, शुक्रवार

मुदत संपली. संध्याकाळची प्रार्थना झाली, कोणी बोललं नाही. दोना ओतिलिया उठल्या आणि फोनवरून घरोघरी कळवायला ऑफिसकडे निघाल्या. मागच्या रांगेतल्या दोघी हुंदके देत होत्या. एकीची मुलं रात्रभर बसमध्ये बसून येणार होती. मी तायनाराचा विचार केला नाही. खरं तर केला. ती आता पुन्हा येणार नाही, एवढाच विचार डोक्यात होता.

तेव्हा जुरेमा उठली. विणकाम बाकावर ठेवलं, वर्तुळाच्या मधे आली आणि म्हणाली, "मी केलं. दुसऱ्या कोणी नाही, मी केलं."

वाक्य अगदी शिकवल्यासारखं आलं. कसं पाडलं, असं दोना ओतिलियांनी विचारलं. "हात लागला." कधी? "जपाच्या वेळी." मग आठवडाभर गप्प का बसलीस? "मी वाट बघत होते." कसली, ते कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

क्लेओनिसे म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पास्टरांनी शिकवलंय ना मूर्ती फोडायला." जुरेमाने तिच्याकडे बघितलं आणि विणकाम उचललं. एरवी ती उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

दोना ओतिलियांनी सांगितलं की सत्य बाहेर आलं, तेव्हा बाकीच्यांच्या भेटी होतील. पण मुदत टळून गेली, नियम परिषदेनेच केलेला, तेव्हा लाल टिकली. टिकली मी लावली. कबुलीजबाबाचा कागद मी लिहिला. जुरेमाने खाली स्वतः सही केली, अंगठा नाही. नावात एकही चूक नव्हती. शिकवणी वाया गेली नाही म्हणायची.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. माझ्याही असेल. मला ती मागच्या बाकावर बसलेली आठवते. माऊली पुढे, तीन रांगा सोडून. तिचा हात लागला कसा, हे एकदा मनात आलं. पण कबुली ही कबुली.

१२ मे, रविवार, मातृदिन

तायनारा आली.

केस आखूड कापलेत. गालावर माझ्या आईसारखा खळगा पडतो, हे मी विसरले होते. मिठी मारली नाही, गाल पुढे केला. आंगणात मेजं मांडली होती. घेवड्याची उसळ, भात, चिरून परतलेली कोबीची पानं आणि पेरूची वडी. जुरेमाला कोणी येणार नव्हतं आणि तिची गाडी उद्या, म्हणून तिने आपणहून वाढायचं काम घेतलं होतं. आमच्या मेजाशी येऊन तिने तायनाराच्या ताटात मक्याच्या केकचा मोठा तुकडा ठेवला. "तुझी आई छान शिकवते. मला लिहिता येतं आता," असं म्हणाली आणि पुढच्या मेजाकडे गेली.

"ही कोण?" तायनाराने विचारलं.

"जुरेमा. हिनेच मूर्ती फोडली. उद्या मोठ्या तुरुंगात जाणार."

"हिने? तू बघितलंस?"

"तिने कबूल केलं."

"म्हणजे बघितलं नाहीस."

मी तिला पूर्ण हकिगत सांगितली. कुलूप, जप, मुदत, सगळं. काटेकोरपणे सांगितलं, की तिला कळावं इथे काम कसं चालतं. क्लेओनिसेचा खोचक प्रश्नही सांगितला आणि मी काय म्हणाले तेही.

तायनारा केकचा चुरा बोटाने गोळा करत होती. "'मी रोज बघते,'" ती म्हणाली. "पोलीस आले तेव्हाही तू हेच म्हणालीस, आई. शिलाई मशीनचं खोकं मी रोज बघते, त्यात काही नाही. मी दारात उभी होते. बाबांची नशेची पुडकी त्यांनी माझ्यासमोर बाहेर काढली." आवाज चढवला नाही तिने. "तू कधी चुकतच नाहीस. तुझं नेहमी बघून झालेलं असतं."

मी म्हटलं, आजच्या दिवशी हा विषय कशाला. ती म्हणाली, बरं. चार वाजताची बस होती. पुन्हा येशील का, विचारलं. "बघते," म्हणाली.

माणसाला हाती आहे ते दिसत नाही आणि जुनं मात्र उकरून काढता येतं. एवढं करून मुलीला भेट मिळाली, त्याचं काही नाही.

१३ मे, सोमवार

सकाळी गाडी आली. जुरेमा लाल कपड्यांत बाहेर आली. तो रंग इथे कोणी घालत नाही, त्यामुळे नजर लगेच जाते. फाटक मीच उघडलं, किल्ली माझ्याकडे असल्यामुळे. ती म्हणाली, "आली ना मुलगी?" मी हो म्हटलं. "मग झालं." जोडाक्षरांची वही तिने माझ्याकडे दिली, तिथे चोरीला जाते म्हणाली.

१४ मे, मंगळवार

जप झाला, सगळ्या बाहेर पडल्या. कुलूप हातात घेतलं आणि तायनाराचं बोलणं आठवलं. राग आला होता. म्हटलं बघूच. आत गेले, बाकांखाली वाकले, पडद्यामागे बघितलं. कोणी नव्हतं. मग माऊलीच्या रिकाम्या कोनाड्याखाली वेदीवरचं कापड जरा फुगलेलं दिसलं. उचललं, तर आत फारोफा, पोटाशी एक हिरवी फीत घेऊन झोपलेली. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

मी तिला उचलून बाहेर ठेवली आणि कुलूप लावलं.

आज मांजरी आत होती, याचा अर्थ त्या दिवशीही होती असा होत नाही.

१७ मे, शुक्रवार

त्या दिवशी तिने मासे खाल्ले नव्हते.

१९ मे, रविवार

दोना ओतिलियांनी मुंडकं चिकटवून आणलं. मानेवर बारीक रेघ दिसते, झग्याची कॉलर वर केली की दिसत नाही. माऊली परत कोनाड्यात बसली. क्लेओनिसे म्हणाली, "आता काळजी नाही. माऊली वर आणि पास्टरीणबाई तुरुंगात." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग जेवायला बसले आणि ताट तसंच परत ठेवलं. मला लाज वाटली. लाज म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मी समजत होते, पण ती दुसऱ्यांना शिकवायची गोष्ट होती. जुरेमाला सगळं कळत होतं की नाही, मला माहीत नाही. कोणीच केलं नसेल तर, हे तिने मला विचारलं होतं, आणि मी तिला सांगितलं होतं की असं नसतं. मग तिने कोणीतरी व्हायचं ठरवलं. काखेत कळसा म्हणतात तो माझ्या कमरेला खुळखुळत होता.

कागद गेला आहे. जुरेमाची सही आहे. मी गप्प बसले तर कोणाला कळणार नाही, मांजरी सांगणार नाही. लाल टिकली लपवण्याला लागते. तिने लपवलं नव्हतं. लपवलं ते मी, 'मी रोज बघते' म्हणून. उद्या सांगितलं तर कदाचित मलाही लाल कपडे. हे सगळं लिहून मग झोपते आहे, म्हणजे सकाळी पळवाट काढता येऊ नये.

२० मे, सोमवार

सांगितलं.

वर्तुळात उभी राहिले. वाक्य 'मी'पासून सुरू होईना. "कुलूप लावलं गेलं" असं तोंडातून आलं, आणि त्यावर मी इतरांना कितीदा टोकलं होतं. पुन्हा सुरुवात केली. "मी आत बघितलं नव्हतं. फारोफा आत राहिली. तिने फितींशी खेळताना माऊली पाडली. मी बघितलं नाही, आणि बघितलं म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही, मी."

आधी कोणाचा विश्वास बसेना. "मांजराचं नाव पुढे करून मैत्रिणीला सोडवतेस होय?" एकीने विचारलं. मी माशांचं सांगितलं, पायात आलेल्या फारोफाचं सांगितलं, कापडाखालच्या फितीचं सांगितलं. प्रत्येकीला आपापली भेट आठवत असणार.

क्लेओनिसे म्हणाली, "मुलीची भेट उरकली आणि मग सुचलं का गं खरं?"

"हो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

तिच्यापाशी पुढचा टोमणा तयार असावा, पण तो तिने गिळला. मग म्हणाली, "मीसुद्धा हसले तिला. माझंही लिहा."

दोना ओतिलियांनी विचार करून निकाल दिला. किल्ल्या परत. लाल टिकली. कागद न्यायाधीशांकडे. उत्तर येईपर्यंत आणि त्यानंतरही ऑगस्ट उजाडेतो भेटी बंद. कमरेचा पट्टा सोडला तर अंग हलकं नाही, वाकडं वाटलं. क्लेओनिसेने किल्ल्या घेतल्या.

२८ मे, मंगळवार

न्यायाधीशांनी मला इथेच ठेवलं, आपणहून सांगितलं म्हणून. जुरेमाबद्दल म्हणे कागदपत्रं व्हायची आहेत. जायला तीन दिवस लागले, यायला किती ते कोणी सांगत नाही.

तायनाराला पत्र टाकलं. भेटी बंद आहेत, येऊ नकोस. कारणही लिहिलं. तीनदा फाडलं, कारण प्रत्येक वेळी खाली आपली बाजू आपोआप येत होती. चौथ्या वेळी नुसतं लिहिलं की तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी बघितलं नव्हतं. खोक्यातही बघितलं नव्हतं, कारण बघायचं नव्हतं.

८ जून, शनिवार

खोल्यांची तपासणी. मातीचं डुक्कर आमच्या खोलीत आलं. अंथरूण घडी करायचं राहून गेलं होतं. क्लेओनिसेने ते माझ्या उशाशी खिडकीत ठेवलं आणि तोंड बाहेर केलं. "याचं तोंड आत केलं की वाईट स्वप्नं पडतात," म्हणाली. अनुभवाने सांगत होती.

तायनाराचं उत्तर नाही.

१८ जून, मंगळवार

जुरेमा परत आली. बारीक झाली आहे, केस कापलेत, मानेवर पुरळ उठलंय. फाटकातून आत आल्याबरोबर तिने लाल सदरा काढून गाडीवाल्याच्या हातात दिला आणि आतल्या बनियनवर उभी राहिली. दोना ओतिलिया शाल घेऊन धावल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. रडू आलं. मग तीच म्हणाली, "बाई, वही आहे ना?"

"आहे."

"तिथे वाचायला काही नव्हतं. भिंतीवर शिव्या लिहिल्यात, त्या वाचल्या. सगळ्या लागल्या मला."

"तू का म्हणालीस गं, मी केलं म्हणून?"

तिने खांदे उडवले. "तुम्हीच म्हणालात ना, कोणीतरी असतंच. मला कोणी यायचं नव्हतं. माझं काय जाणार होतं?"

संध्याकाळी वर्तुळ बसलं. खोटं बोलल्याबद्दल जुरेमाला टिकली द्यायची की नाही, यावर वाद झाला. खोटं ते खोटंच, असं दोघी-तिघी म्हणाल्या. अध्यक्ष आता क्लेओनिसे. तिने डबी उघडली, पिवळी टिकली काढली, बराच वेळ बोटावर चिकटवून ठेवली आणि शेवटी फळ्यावर लावली. "आता तरी खरं बोलायला शीक, पास्टरीणबाई," ती म्हणाली आणि जुरेमाला तिने जी मिठी मारली ती सुटायला वेळ लागला. फारोफा दोघींच्या पायांतून गेली. जुरेमा तिला म्हणाली, "तुझी टिकली कुठाय गं?"

२३ जून, रविवार

आज भेटीचा दिवस, उद्या संत जॉनचा सण. आंगणात कागदी पताका, मक्याची खीर. मला भेट नसल्यामुळे मी भांडी घासायला बसले. जुरेमाला भेट कधीच नसते, म्हणून ती पुसायला. स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळी तिने सकाळी कागदातून वाचल्या. तिसरीला अडली, पाठ असूनही तोंडातून येऊ दिली नाही, अक्षरं लागेपर्यंत थांबली.

फाटकावर क्लेओनिसे नावं पुकारत होती. आई आली, मुलगा आला, बहीण आली. एकेक जण हात पुसत उठत होती. मग आवाज आला, "जुरेमा कुस्तोदिया."

जुरेमाने ताट पुसून रचलं आणि दुसरं घेतलं.

"जुरेमा कुस्तोदिया, भेट!"

ती तशीच. मी म्हटलं, "अगं, तुला बोलावतेय."

"दुसरी कोणी असेल."

"या घरात तू एकटीच जुरेमा आहेस."

क्लेओनिसे स्वतः दारात आली, किल्ल्या वाजवत. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, मुद्दाम असावं. "जुरेमा, कानात बोळे घातलेस का? एक मुलगी आलीये. म्हणते, आईची भेट बंद आहे ते मला माहीत आहे, मी जुरेमाला भेटायला आले. दोना ओतिलियांनी सही दिली. केकही आणलाय, मक्याचा. जा, ऊठ."

जुरेमाने हातातलं फडकं माझ्याकडे दिलं आणि ओले हात झग्याला पुसले. मग केसांना पुसले. "मी काय बोलू तिच्याशी?" तिने विचारलं.

"वही घेऊन जा," म्हटलं. "वाचून दाखव."

ती गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेवटचं मेज दिसतं, पण मोरीवरून वाकल्याशिवाय नाही. मी वाकले आणि बघितलं.